सकाळी पावणेसहाला शेहेचाळीस

मी दारुडा नव्हतो आणि आजही नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत ऐकून लोक समाधानाने मान हलवतात आणि म्हणतात, "बरं झालं, सुधारले." मी सुधारलो वगैरे काही नाही. मी अजून घेतो. शनिवारी घेतो, मनात आलं तर मनसोक्त घेतो, आणि त्याबद्दल कोणाची माफी मागायची मला गरज वाटत नाही. मला सांगायचं आहे ते वेगळंच.

एकोणीस वर्षं मी शाळेची बस चालवली. कामठी रोडवर आमच्या मालकाचा मोकळा प्लॉट होता. तिथे नऊ पिवळ्या बस उभ्या असायच्या, कोपऱ्यात टिनाचं छप्पर घातलेलं ऑफिस होतं, आणि सगळ्या गाड्यांना बाहेर पडायला एकच गेट. मी कामठीत राहतो. सकाळी सव्वापाचला मोटरसायकल काढायची, पावणेसहाला प्लॉटवर, सहाला गाडी बाहेर. रामदासपेठेतल्या शाळेची पोरं इंदोरा, सदर करत उचलायची आणि सव्वासातच्या घंटेआधी गेटवर उतरवायची. एकोणीस वर्षांत घंटा चुकली ती बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही गाडी बंद पडली म्हणून.

एक दिवस शाळेने मालकाला कळवलं की ड्रायव्हरची रोज सकाळी दारूची तपासणी पाहिजे, आणि आकडा शून्य पाहिजे. मालकाने फुंकायचं मशीन आणलं आणि माझ्याच बसवरच्या मदतनीस बाईंच्या हातात दिलं. पोरांना चढवणं, उतरवणं, जागेवर बसवणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना ताई म्हणायचे. त्या सगळ्यांत आधी यायच्या आणि त्यांचं अक्षर चांगलं होतं, म्हणून मशीन आणि रजिस्टर दोन्ही त्यांच्याकडे आलं.

ड्रायव्हर लोक चिडले. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

"कायदा रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंत चालू देते," मी मालकाला म्हणालो. "मंग शाळा कोण शून्य म्हणणारी? ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरले कोणी फुंकवते का? कोर्टात साहेबाले फुंकवते का? ड्रायव्हरच सापडला का तुमाले?"

मालक म्हणाले, "मले कायले सांगतं? शाळेले सांग. कॉन्ट्रॅक्ट त्यायचं हाय."

मी शाळेला सांगायला गेलो नाही, पण रोज सकाळी फुंकताना ताईंकडे रागाने बघायचो. त्या नळी बदलायच्या, मशीन पुढे करायच्या, शून्य लिहायच्या. एखाद्याला नव्याण्णव दिवस चोर समजून झडती घ्यावी आणि रोज त्याच्या खिशात काही सापडू नये, तसा मला तो शून्य अपमान वाटायचा.

मग तो सोमवार आला.

रविवारी सावनेरला बायकोच्या बहिणीच्या मुलाचा साखरपुडा होता. संध्याकाळी आठला आम्ही पुरुष मंडळी बसलो. मी एक क्वार्टर घेतली आणि आग्रहाखातर वर दोन पेग. साडेदहाला उठलो, सावजीचं मटण रेटून जेवलो. न पिणाऱ्या एका भाच्याने आम्हाला गाडीने कामठीला आणून सोडलं. म्हणजे बघा, रात्री पिऊन गाडी चालवू नये एवढी अक्कल मला होती. बाराच्या आधी मी झोपलोही होतो.

सकाळी पावणेपाचला उठलो. थंड पाण्याने अंघोळ केली, दोनदा दात घासले, दोन कप चहा आणि अर्धं लिंबू घेतलं. डोकं दुखत नव्हतं. हात हलत नव्हता. बायकोने दारात विचारलं, "डोळे लाल दिसून राहिले. जाता का आज?"

"झोप कमी झाली वं," मी म्हणालो आणि निघालो.

प्लॉटवर ताईंनी मशीन पुढे केलं. मी रोजच्या तोऱ्यात फुंकलं. त्यांनी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि मशीन माझ्याकडे वळवलं. शेहेचाळीस.

"खराब झालं तुमचं मशीन," मी म्हणालो.

त्यांनी नळी बदलून स्वतः फुंकलं. शून्य. म्हाताऱ्या चौकीदाराला बोलावून फुंकायला लावलं. शून्य. मी पुन्हा फुंकलं. पंचेचाळीस.

"पाहा, कमी झालं!" मी म्हणालो. मागे उभे असलेले दोन ड्रायव्हर हसले. ताई हसल्या नाहीत.

"भाऊ, आज बस तुमी नाही नेणार."

"काहून नाही नेणार? रात्री घेतली होती, आता सकाळ आहे. झोपलो, आंघोळ केली, चहा घेतला. मी तुमाले पेलेला दिसून राहिलो का?"

"नाही दिसत," त्या म्हणाल्या. "दिसत असते तर मशीन कायले लागलं असतं? आलात कशावर?"

"गाडीवर."

"तेबी नव्हतं यायचं."

असं म्हणून त्यांनी रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे आकडा लिहिला. पेन इतका सावकाश फिरत होता की मला तो हिसकावून घ्यावासा वाटला. बदलीचा ड्रायव्हर माझ्या सीटवर चढला, त्याने माझा आरसा स्वतःच्या उंचीप्रमाणे फिरवला आणि माझी बस माझ्यासमोरून गेटबाहेर गेली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी ती बाहेरून जाताना पाहिली.

मी घरी गेलो नाही. मशीन ऑफिसात टेबलावर होतं. मी चौकीदाराला म्हणालो, "आज ह्या मशीनले खोटं पाडतो का नाही, पाह." माझं म्हणणं सोपं होतं. माणूस तोच, डोकं तेच. आता आकडा वरखाली उड्या मारेल आणि मग मी मालकाच्या टेबलावर ते मशीन आपटीन.

कॅलेंडरचं एक जुनं पान फाडून घेतलं आणि मागच्या बाजूला लिहायला लागलो. मध्ये जे जे लोक सांगतात ते सगळं करून पाहिलं. टपरीवरून कडक चहा आणला. कच्चा कांदा खाल्ला. प्लॉटला दहा चकरा पळत मारल्या, माझ्या वयात ते बघून चौकीदार म्हणाला, "मरशीन गा, बस खाली." नळाखाली डोकं धरलं. ताक प्यालो.

पावणेसातला तेहेतीस.

पावणेआठला एकोणीस.

आकड्याने उडी मारली नाही. कांद्याने तो हलला नाही, चहाने हलला नाही, माझ्या रागाने तर नाहीच. तो आपल्या चालीने, तासाला तेरा-चौदाने, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने जिना उतरावा तसा उतरत राहिला.

तेवढ्यात बस परतली आणि ताई उतरल्या. मी पान त्यांच्यापुढे नाचवलं. "एकोणीस! कायद्यात बसतो आता मी. दुपारची ट्रिप सोडा, आत्ता गाडी काढली तर पोलीसबी काही म्हणू शकत नाही."

त्यांनी पान हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचलं. "कायदा तुमाले पकडत नाही एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "मागं पोरं बसतात भाऊ. मले तर हेच समजत नाही, तुमाले शेहेचाळीसच्या वेळी कसं वाटून राहिलं होतं आणि आता कसं वाटून राहिलं?"

 दोन्ही वेळी मला सारखंच वाटत होतं. शेहेचाळीसला मी ठणठणीत होतो, तेहेतीसला ठणठणीत, आताही ठणठणीत. फरक मशीनला कळत होता आणि मला कळत नव्हता. ज्याला फरकच कळत नाही तो स्वतःच्या भरवशावर कसली शपथ घेणार?

ताई पाणी प्यायला गेल्या आणि मी टिनाच्या सावलीत बसलो. तिथे मला इंदोऱ्याच्या चौकातली ती मुलगी आठवली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी साडेसहाच्या सुमाराला स्कूटीवरची एक कॉलेजातली मुलगी माझ्या बससमोर वळली. मी ब्रेक मारला, पण गाडीचं नाक तिच्या मागच्या चाकाला लागलंच. ती पडली. गुडघे सोलवटले, हाताची कातडी गेली, जास्त काही नाही. मी खाली उतरून तिलाच झापलं होतं. "डोळे घरी ठेवून आली का वं?" लोकही माझ्या बाजूने बोलले. ती रडत रडत सॉरी म्हणाली होती. हा किस्सा मी किती तरी जणांना सांगितला होता, आजकालच्या पोरींना गाडी चालवता येत नाही ह्याचा पुरावा म्हणून.

त्या सकाळी टिनाखाली बसून मी त्या अपघाताच्या आदल्या रात्रीचा हिशोब पहिल्यांदा लावला. मित्राच्या भावाची वरात होती. आम्ही नाचलो होतो. किती घेतली होती ते आठवत नाही, आणि आठवत नाही ह्यातच सगळं आलं. मुलगी कदाचित खरंच बेसावध वळली असेल. पण ब्रेक मी उशिरा मारला होता. हे मला तेव्हाही पायाच्या तळव्यात कळलं होतं आणि मी ते ओरडून दाबून टाकलं होतं.

साडेनऊला शून्य आलं. पान घडी करून खिशात घातलं. मशीन आपटायचं राहून गेलं.

कोणाला वाटेल मी त्या दिवशी नरमलो. मी उलट जास्त चिडलो. रात्री पिऊन गाडी चालवू नका हे पोस्टरवर लिहितात, टीव्हीवर सांगतात, पोलीस चौकात उभे राहून सांगतात. सकाळचं मला एकोणीस वर्षांत कोणी सांगितलं? लायसन्स देताना नाही, गाडी हातात देताना नाही. सगळ्या जगाने मिळून झोप आणि अंघोळ ह्यांवर माझ्या बसमधली पोरं सोपवली होती.

तेव्हापासून शाळेच्या आदल्या दिवशी मी थेंब घेत नाही. इतर ड्रायव्हरांना मी ते पान दाखवायचो. ते मला "मास्तर" म्हणून चिडवायला लागले. चिडवू द्या म्हटलं. जो माणूस चार महिने मशीनला शिव्या देत होता तोच आता मशीनची वकिली करतो, ह्यावर हसायला त्यांना जागा होती.

पुढच्या लग्नसराईत खरी परीक्षा झाली. सोमवारच होता. आदल्या दिवशी लग्नांची दाट तिथ होऊन गेलेली, जिकडेतिकडे वराती. ताईंनी एकेकाला फुंकायला लावलं आणि नवांपैकी तिघे अडकले. बदलीचा ड्रायव्हर एकच, आणि तो त्या दिवशी गावाला. ताईंनी मालकाला फोन केला. मालक पंधरा मिनिटांत आले, तेही नीट जागे न झालेले.

"तिघं? अबे, रातची उतरली असन आतापर्यंत," ते म्हणाले. "टाइम पाहा! पालकायचे फोन येतीन. ताई, लिहून टाका शून्य."

"मी नाही लिहिणार," ताई म्हणाल्या.

मालकाने मशीन त्यांच्या हातातून घेतलं आणि चौकीदारासमोर धरलं. "बाबा, तीनदा फुंक. नळी बदलून बदलून." प्रत्येक ड्रायव्हरचा शेवटचा आकडा मशीनच्या मेमरीत राहायचा, शाळा महिन्याला तो तपासायची. म्हातारा माझ्याकडे बघत होता. नोकरी त्याचीही होती.

मी शून्य फुंकून मोकळा झालेलो होतो. माझी बस रांगेत पहिली होती. मी वर चढलो, गाडी सुरू केली, गेटच्या मधोमध नेली आणि बंद केली. चावी काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि पायरीवर येऊन उभा राहिलो.

मालक धावत आले. "हे काय करून राहिला गा?"

"सेठ, सहा गाड्या पास झाल्या, सहा जातीन. तीन राहतीन. तेवढं कबूल करा, मी गाडी काढतो."

"तीन गाड्यायची पोरं कोण नेईन? तुवा बाप?"

"घरी राहतीन. एक दिवस घरी राहिल्यानं काही होत नाही."

"उद्यापासून येऊ नको."

"उद्याचं उद्या पाहू. आज त्या तीन गाड्या ह्या गेटातून नाही जात."

अडकलेल्या तिघांपैकी एकजण, माझ्यासोबत दहा वर्षं काम केलेला, पुढे आला आणि माझी कॉलर धरली. "मोठा हरिश्चंद्र झाला का बे? साऱ्यात जास्त तर तूच पेत होता!"

"पेत होतो," मी म्हणालो. "म्हणूनच सांगून राहिलो."

त्याच्या तोंडाला वास नव्हता, पाय सरळ होते, तो मला हिसडे देत होता ते हातही घट्ट होते. मी त्याच्या जागी होतो तेव्हा मीही असाच दिसत असणार. त्याचा मला राग आला नाही. पण चावी मी दिली नाही.

ऑफिसातला फोन वाजायला लागला. मालक तो उचलायच्या आत ताईंनी उचलला. आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "नाही, गाडी बिघडली नाही. ड्रायव्हर तपासणीत पास झाले नाही, म्हणून बस येणार नाही. हो, खरं सांगून राहिली मी. पोरीले तुमीच सोडून द्या आज." फोन ठेवला की पुन्हा वाजायचा, आणि त्या तेच वाक्य तितक्याच शांतपणे पुन्हा म्हणायच्या. चौथ्या फोननंतर मालक खुर्चीत बसले आणि हाताने मला खूण केली, काढ गाडी.

मी काढायला वळलो तेवढ्यात एक कार गेटबाहेर येऊन थांबली. तीन बंद रूटांपैकी एका रूटवरचे पालक, घर जवळच. मागच्या सीटवर गणवेशातली मुलगी, दोन वेण्या घातलेली, मांडीवर डबा धरून बसलेली. ते गृहस्थ उतरले ते ओरडतच.

"काय तमाशा आहे हा? मला आठला मीटिंग आहे! रात्री घेतली म्हणून सकाळी बस बंद? रात्री मीही घेतली, काल आमच्याकडेही लग्न होतं. मी चालवत आलोच ना?"

मी पायरीवरून खाली उतरलो. "साहेब, मंग तुमीबी फुंका."

"म्हणजे?"

"मशीन आहे. नळी नवी आहे. फुंकून पाहा."

मालक म्हणाले, "अरे, पालक आहेत ते," आणि मला आवरायला उठले. पण त्या गृहस्थांना इरेला पेटायला तेवढं पुरलं. त्यांनी ताईंच्या हातून मशीन घेतलं आणि जोरात फुंकलं.

अठ्ठावीस.

"बघा," ते म्हणाले, "तीसच्या आत आहे." आवाज चढाच होता. मग त्यांनी तो आकडा पुन्हा पाहिला आणि वळून गाडीकडे पाहिलं. मुलीने काच खाली केली होती. सगळं ऐकत होती. "बाबा, उशीर होतो आहे," ती म्हणाली.

  कायद्यात बसत होते साहेब, मला बोलायचा अधिकार नव्हता. त्यांनी मशीन ताईंना परत दिलं, गाडीचं मागचं दार उघडलं, मुलीची बॅग घेतली आणि विचारलं, "तुमची बस शाळेत जाते ना?"

"जाते."

"हिला बसवता का?"

ताईंनी तिचा हात धरला. साहेब मुलीला बसवून माघारी आपल्या गाडीकडे गेले, आणि मग गाडीला हात न लावता रस्त्याच्या कडेला उभे राहून फोनवरून कोणाला तरी बोलवायला लागले.

मला त्या महिनाअखेरीस काढलं. कारण सांगितलं गेटमध्ये गाडी आडवी लावली म्हणून, आणि ते खोटं नव्हतं. काही पालक माझ्यासाठी शाळेत जाऊन भांडले. शाळेने मालकाला बजावलं की ह्यापुढे तपासणीच्या वेळी एक पालक हजर राहील. ताईंची नोकरी त्यामुळे टिकली. माझी गेली ती गेलीच. मी परत मागायला गेलो नाही. कॉलर धरणारा ड्रायव्हर अजून रस्त्यात दिसला की थुंकतो. अडकलेल्यांतला दुसरा मात्र एका रविवारी घरी आला, चहा पिता पिता इकडचं तिकडचं बोलला आणि उठताना म्हणाला, "दोन पेग घेतले तर किती तास सोडायचे, भाऊ?" मी म्हणालो, "सकाळी गाडी असन तर घेऊच नको. तास मोजत बसशीन तर फसशीन."

दोन महिने घरी होतो. आता रामदासपेठेतल्या एका दवाखान्याची स्टाफची गाडी चालवतो. पगार कमी आहे. पोरांची बडबड नाही, त्याचं वाईट वाटतं.

दीड वर्षापूर्वी हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ बायको-लेकरांना घेऊन आला होता. शनिवारची रात्र, आम्ही दोघं भाऊ गच्चीवर बसलो, पोटभर गप्पा मारल्या, पोटभर घेतलीही. सकाळी सहाला त्याची माणसं गाडीत बसून तयार होती, कारण त्याला अमरावतीला दहाच्या आत पोचायचं होतं. मी त्याची चावी घेतली.

"दे गा," तो हसत म्हणाला. मग हसायचा थांबला. "दादा, पोरांसमोर इज्जत काढून राहिला तू माझी."

"बारा वाजता नेजो," मी म्हणालो. "जेवून जा."

तो जेवला नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्याची बायको स्वयंपाकघरात माझ्या बायकोपाशी गेली आणि हळूच म्हणाली, "बरं झालं." बाराला मी चावी दिली. तो माझ्याकडे न बघता निघून गेला, आणि तेव्हापासून त्याचा फोन नाही. दिवाळीलाही आला नाही.

न येवो. त्याची बायको फोनवर सांगत होती, त्या सकाळी गाडीत बसलेली माझी पुतणी परवा पाचवीत गेली.